झुडपात अडकलेला मुकुट

फार वर्षांपूर्वी इंग्लंडच्या गादीसाठी दोन चुलतभावांत लढाई जुंपली. थोरला राजा होता, तो मारला गेला. त्याचा मुकुट घरंगळत जाऊन एका काटेरी झुडपात अडकला.

त्या झुडपात एका चिमणीचं घरटं होतं. ती चोचीत अळी घेऊन आली, तर झुडूप खेकसलं, "इतक्या जवळ कशाला येतेस?"

"अरे, मी इथंच राहते ना!"

"सगळे असंच म्हणतात. मुकुटावर डोळा आहे तुझा!"

"त्याला तर बूडच नाही. अंडी ठेवू कुठं त्यात?"

पण झुडपाला ते पटेना. त्यानं काटे असे रोखले की चिमणीला आत शिरताच येईना. पिलं भुकेनं ओरडत राहिली.

एवढ्यात धाकट्या भावाचा जिवलग सरदार ओस्बर्ट तिथं आला. हात रक्तबंबाळ झाले तरी त्यानं मुकुट ओढून काढला आणि मागून आलेल्या धाकट्याच्या डोक्यावर ठेवला.

झुडूप एकदम भानावर आलं. "ये गं बाई, पिलं उपाशी आहेत," ते ओशाळून म्हणालं.

चिमणी आत शिरते न शिरते, तोच नव्या राजाचा आवाज आला, "ओस्बर्ट, तू इतक्या जवळ का उभा आहेस?"