मनोलीची अर्धी राहिलेली गोष्ट

तळी काठोकाठ भरलेली असत, त्या काळची गोष्ट. एक सुगरण इतर पाखरांना घरटी विणून देई आणि त्यांच्यासाठी राखणदारही नेमी. तिच्या बाभळीचा राखणदार होता पोपट. त्याला सात बोली येत. दुपारी सगळं झाड त्याच्या गोष्टी ऐकायला जमे.

अशाच एका दुपारी तो हत्तीच्या पिल्लाची गोष्ट सांगत होता, तेव्हा बुंध्यावरून धामण चढताना त्याला दिसली. ‘एवढी गोष्ट संपली की ओरडतो,’ असं मनाशी म्हणत तो सांगतच राहिला. तेवढ्यात छोट्या मनोलीची दोन अंडी गेली, आणि गोष्टही अर्धीच राहिली.

सुगरणीने त्याच दिवशी झाडाखाली टिटवी आणून बसवली.

पोपट हसला, “अगं, हिला एकच शब्द येतो!”

“हो, पण चोचीतला घास टाकून येतो,” सुगरण म्हणाली.

धामण पुन्हा आली. टिटवीने तोंडातला किडा टाकला आणि ती ओरडली. सगळी पाखरं धामणीवर तुटून पडली. या वेळी मनोलीची अंडी वाचली.

पिल्लं जरा मोठी झाली, तेव्हा मनोलीला त्या जुन्या दुपारी फार आठवू लागल्या. पोपट फांदीच्या टोकाला गप्प बसून असे.

“पोपटदादा,” ती म्हणाली, “त्या हत्तीच्या पिल्लाचं पुढे काय झालं? सांगा ना माझ्या पोरांना. आता खाली टिटवी आहे.”