ब्रेकची पाळी

गाड्यांचे भाग आपसात बोलत, तेव्हाची गोष्ट. एका बसमध्ये सगळ्यांचे निरोप एकाच तारेतून जात, आणि तातडीचा निरोप आधी सुटे. ब्रेक बोलला की बाकीचे थांबत.

पंख्याला ते खुपलं. "हा कोण मोठा लागून गेला? सगळ्यांना सारखी पाळी हवी." दार आणि दिवे त्याच्या बाजूने झाले.

"मी उगाच बोलत नाही रे," ब्रेक विनवत राहिला. पण तारेने नियम बदलला.

घाटाच्या वळणावर चालक भिवाजीला कोसळलेली दरड दिसली. त्याने पाय दाबला.

"तारे, मला जाऊ दे!" ब्रेक ओरडला.

"आधी पंखा, मग दार, मग दिवे," तार म्हणाली. "नंतर तू."

दगडांना चुकवताना बसने कठडा तोडला. मग ब्रेकची पाळी आली आणि चाकं ताबडतोब थांबली. पण तेव्हा त्यांच्याखाली रस्ता नव्हता.