तेल सांडू न देणारे काका

फार फार पूर्वी, म्हणजे रेडिओचा शोध लागायच्याही आधी, एका गावात रेडिओवर चालणाऱ्या छोट्या गाड्या होत्या. कशा, ते विचारू नका. गोष्ट ऐका.

दर वर्षी जत्रेत या गाड्यांची शर्यत असे. गाडीच्या टपावर कच्चं अंडं ठेवायचं आणि लांब उभं राहून, रिमोटने गाडी नदीतल्या गोट्यांवरून पलीकडे न्यायची. अंडं फुटलं, तर गाडी चालवणाऱ्याने वर्षभर अख्ख्या आळीच्या मिरच्या कांडायच्या. रीतच होती तशी.

वरच्या आळीची गाडी एक तरुण मुलगी चालवी. हात इतका हलका, की गाडी नव्हे, पाणीच वाहतंय असं वाटावं. तरीही गेल्या वर्षी अंडं फुटलं आणि ती वर्षभर शिंकत राहिली.

कारण गाडीच्या शॉकअपमध्ये, म्हणजे चाकांजवळच्या धक्के गिळणाऱ्या नळ्यांमध्ये, तेल भरायचा मान तिच्या थोरल्या काकांचा होता. काका आळीसमोर पाट मांडून, पांढरंशुभ्र धोतर नेसून तेल भरत. एक थेंब सांडू देत नसत.

यंदाही त्यांनी नळी काठाच्या जरा खालपर्यंत भरली आणि झाकण उचललं.

"काका, थांबा! आतला दांडा हळूहळू वरखाली करा. बुडबुडे वर येऊन फुटू देत. मग काठोकाठ भरा आणि झाकण लावताना थोडं तेल बाहेर येऊ दे. नाहीतर आत हवा राहते आणि नळी धक्के गिळत नाही."

"आमच्या वेळी बुडबुडे नव्हते," काका म्हणाले.

"होते. तुम्ही बघायला थांबत नव्हता."

"सोन्यासारखं तेल सांडू म्हणतेस? जरा धीर धरायला शीक, पोरी!" असं म्हणत काकांनी घाईघाईने झाकण फिरवलं.

मुलीने गाडी बोटाने दाबली. दांडा भसकन आत गेला आणि नळीतून 'फुस्' असा आवाज आला.

"ऐकलंत?"

"गाडीसुद्धा मला वाकून नमस्कार करते," काका म्हणाले. आळी खो खो हसली.

मुलीने हातातल्या रिमोटकडे पाहिलं. मिरच्या कांडताना तिने वर्षभर याच दिवसाची वाट पाहिली होती. तिचा जीव तुटला. तरीही तिने रिमोट काकांच्या हातात ठेवला.

"तेल तुम्ही भरलंत. गाडीही तुम्हीच चालवा."

"मी? अगं, ते काम तुझं..."

"का? गाडी चांगली आहे ना?"

सगळी आळी बघत होती. काकांना नाही म्हणायची सोय उरली नाही.

पहिल्या गोट्यावर गाडीने बेडकासारखी उडी मारली. दुसऱ्यावर अंड्याने मारली. तिसऱ्यावर गाडी राहिली मागे आणि अंडं एकटंच पुढे गेलं, ते थेट पाटलांच्या फेट्यावर.

"चालवत कोण होतं?" बलक पुसत पाटलांनी विचारलं.

"माझा काय दोष?" काका ओरडले. "गाडीच उड्या मारत होती! ज्याने तेल भरलं त्याला धरा!"

बोलले, आणि मग त्यांना आठवलं, तेल कोणी भरलं होतं ते.

"गेल्या वर्षी मीही हेच म्हणत होते," मुलगी म्हणाली. "तेव्हा तुम्ही माझ्या हातात मुसळ दिलंत."

पाटलांनी फेटा झटकला. "आजपासून मिरच्या तेल भरणाऱ्याकडे," ते म्हणाले.

पहिलं पोतं अर्धंही झालं नसेल, तोच लाल डोळ्यांच्या काकांनी पुतणीला हाक मारली. "ते... आक्छी!... बुडबुड्यांचं काय म्हणत होतीस गं?"

पुढच्या जत्रेत काका शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत डोळ्यांची पापणी न हलवता बसले. झाकण लावताना तेल ओघळून धोतरावर आलं, तरी हूं की चूं केलं नाही. मुलीने गाडी चालवली आणि अंडं शाबूत पलीकडे पोचलं.

तात्पर्य: चुकीबद्दलची शिक्षा चूक करणाऱ्यालाच होऊ लागली, की शिकायला वय आड येत नाही.