दोन कासवं आणि दोन मुठी

एक होतं गाव आणि त्या गावाला होता एक नियम. दोन कासवं बोलली की सूर्य मावळायच्या आत एक नाव घ्यायचं. का, ते विचारायचं नाही. आणि विचारायचं नाही हाही नियमच, बरं का! पोरं बोलायला लागली की आधी हेच पाठ करून घ्यायचे.

पाय आत घे रे. पांघरूण ओढ. हं, तर कसली कासवं?

देवळापुढे एक दगडी कासव असतं ना, तसंच. फक्त या गावात दोन होती. एरवी ती दगडच. पोरं त्यांच्या पाठीवर बसायची, बाया त्यांच्यावर ओल्या परड्या सुकत ठेवायच्या. पण गावात तंटा झाला आणि कुणी पुढ्यात उभं राहून प्रश्न विचारला, की डावं कासव मान बाहेर काढायचं आणि एक वाक्य बोलायचं. मग उजवं एक वाक्य बोलायचं. मग दोघंही गप्प. पुन्हा त्या प्रश्नाला तोंड उघडायची नाहीत. बोलायची ते मात्र खरंच बोलायची. कासवांना खोटं येतच नव्हतं.

त्यावरून निवाडा करायचे येसूचे आजोबा. ते गेले. मग गावच्या राजाने येसूलाच बोलावून घेतलं. येसू सात वर्षं लांबच्या गावी शिकून आली होती. डोकं तेज, जीभ त्याहून तेज. कुणी म्हणालं ‘असंच असतं’ की हिच्या कपाळाला आठी पडलीच.

गावात तीन थोरले होते. पांढऱ्या मिशा, पांढरे फेटे, आणि तिघांत मिळून एकच मत. त्यांच्यात मोठे दाजीबा, येसूचे चुलत आजोबा. ते म्हणाले, “बस बाळ, बस गादीवर. काही अवघड नाही. आम्ही आहोत ना सांगायला.”

हे ऐकलं आणि येसूच्या मनात पाल चुकचुकली. सांगायला हेच, तर मी कशाला?

तिने विचारलं, “आजोबा, सूर्य मावळायच्या आत नाव घेतलं नाही तर काय होतं?”

दाजीबांनी कानावर हात ठेवले. “कासवं उठून तळ्यात जातात. मागोमाग तळं गावात येतं.”

“कुणी पाहिलंय?”

“पाहायला कशाला हवं? सगळ्यांना ठाऊक आहे.”

“सगळ्यांना ठाऊक आहे हे ठीक,” येसू म्हणाली, “पण पहिल्यांदा म्हणालं कोण?”

दाजीबा नुसते खोकले. येसूने तो खोकला लक्षात ठेवला.

मग काय झालं, पहिला तंटा आला. एक वासरू. भिवा म्हणे माझं, रखमा म्हणे माझं. भिवाची गाय पांढरी, रखमाची काळी. गावात तिसरी गाय गाभण नव्हती. डावं कासव बोललं, “वासरू काळ्या गाईच्या पोटचं.” उजवं बोललं, “वासरू अमावास्येला जन्मलं.”

थोरले लगेच कुजबुजले. अमावास्या! अवसेचं वासरू घरात ठेवायचं नाही, देवीला सोडायचं. आणि देवीची गुरं कुठं बांधायची? तर दाजीबांच्या गोठ्यात. पूर्वीपासून तसंच चालत आलं होतं.

येसूने काय केलं माहितीये? खाली वाकून दोन खडे उचलले. एक डाव्या मुठीत धरला, एक उजव्या मुठीत. मग उजवा हात पाठीमागे नेला आणि डाव्या मुठीकडे बघत म्हणाली, “उजवं कासव आज मुकंच होतं असं समजू. एवढ्याने भागतं का? वासरू काळ्या गाईचं. काळी गाय रखमाची. भागलं.”

मग डावा हात मागे, उजवा पुढे. “आता डावं मुकं होतं असं समजू. अमावास्येला जन्मलं. कुणाचं? काही कळत नाही.”

तिने उजव्या मुठीतला खडा टाकून दिला. “रखमा, वासरू घेऊन जा.”

“अगं, पण उजवं कासव खोटं बोललं का?” दाजीबा म्हणाले.

“नाही. खरंच बोललं. पण खरं बोललं म्हणून कामाचं बोललं, असं कोण म्हणालं?”

रखमा वासरू घेऊन पळालीच. दाजीबांच्या गोठ्यातला रिकामा खुंटा येसूला गादीवरून दिसत होता. काल तो तिथं नव्हता. आज सकाळीच ठोकलेला. येसूने तोही लक्षात ठेवला.

मग दुसरा तंटा आला. केरू, म्हालू आणि धोंडू, तिघे एकाच दिवशी जन्मलेले भाऊ. दसऱ्याला गावातला पहिला आपटा त्यांच्या घरातल्या थोरल्याने तोडायचा. पण थोरला कोण? आई बाळंतपणात गेलेली, सुईणही गेलेली. तिघे एकमेकांचे फेटे ओढत देवळापुढे आले. डावं कासव बोललं, “धोंडू म्हालूपेक्षा मोठा.”

दाजीबा उठलेच. “झालं! धोंडू मोठा. वाजवा रे ढोल!” धोंडू दाजीबांच्या शेतावर राबायचा, बरं का. त्याच्या हातून आपटा तुटला की पहिली फांदी कुणाच्या दारी जाणार, हे सांगायला कासव नको.

“आजोबा, बसा,” येसू म्हणाली. “दुसरं कासव बोलायचंय.”

“त्याची गरजच काय?”

“केरू कुठाय यात? त्याला तुम्ही मोजलंत का?”

लोक हसले. दाजीबा बसले. उजवं कासव बोललं, “केरू धोंडूपेक्षा मोठा.”

येसूने मुठी धरल्या. डावी एकटी? धोंडू म्हालूपेक्षा मोठा, केरूचा पत्ता नाही. भागत नाही. उजवी एकटी? केरू धोंडूपेक्षा मोठा, आता म्हालूचा पत्ता नाही. भागत नाही. मग तिने दोन्ही मुठी जवळ आणून ओंजळ केली. दोन्ही खडे शेजारी शेजारी. केरूच्या खाली धोंडू, धोंडूच्या खाली म्हालू. “केरू थोरला!”

केरूने तिथंच उडी मारली. आणि दाजीबा दुसऱ्या थोरल्याच्या कानात काहीतरी बोलले. येसू शिकून आली होती, पण ओठ वाचायला शिकली नव्हती. हे म्हातारे काय ठरवतायत? नियम गावाचा आहे, का यांचा?

झोपलास का रे? नाही ना? मग ऐक. आता तिसरा.

दसरा उजाडला. दारोदार तोरणं, गाड्यांना माळा, बैलांच्या शिंगांना माळा. देवळात देवीपुढे नंदादीप असायचा. शंभर वर्षं तो विझला नव्हता. आणि दुपारी कुणीतरी ओरडलं, दिवा विझला! दिवा विझला!

आता दिवा विझवणं काय किंवा दुसरा कुठला मोठा गुन्हा काय, जो करील त्याने त्याच दिवशी नदीपलीकडे जायचं. पलीकडे नुसतं काटेरी रान. गेलेलं माणूस परत यायचं नाही. नाव माणसाला सोडून रिकामी यायची.

सगळं गाव देवळापुढे जमलं. डावं कासव बोललं, “दिवा वाऱ्याने नाही, हाताने विझला.”

उजवं बोललं, “त्या हाताला झेंडूचा वास होता.”

एवढं झालं आणि सगळ्या माना एकदम वळल्या. कुणाकडे? बकुळाकडे. बकुळा देवळाच्या पायरीवर फुलं विकायची. मांडीवर झेंडूचा ढीग, कडेवर सात महिन्यांची पोर. ती उभी राहिली तर फुलं सांडली.

“मी नाही,” ती म्हणाली. “मी गाभाऱ्यात गेलेच नाही. येसूताई, मी नाही हो.”

“तू नाही म्हणून काय होतं?” दाजीबा म्हणाले. “कासवं खोटं बोलतात का? झेंडू कोण विकतं गावात? येसू, नाव घे बाळ. दिवस कलला. नावाडी थांबलाय.”

नावाडी थांबलाय? येसूने नदीकडे पाहिलं. खरंच थांबला होता. वल्हं हातात घेऊन. कासवं बोलायच्या आधीच त्याला बोलावलं कुणी?

तिने खडे उचलले. डावी मूठ. हाताने विझला. कुणाच्या? हात सगळ्यांनाच आहेत. भागत नाही. उजवी मूठ. झेंडूचा वास. कुणाला? तिने मान वर केली. समोर ढोलवाला उभा होता.

“हात दे,” ती म्हणाली आणि हुंगला. झेंडू.

शेजारच्या पोराचा हुंगला. झेंडू. रखमाचा हुंगला, झेंडू आणि शेण. राजासमोर गेली. राजा म्हणाला, “माझाही?” तिने राजाचा हात हुंगला. झेंडू! लोक खो खो हसायला लागले. जो तो आपापली बोटं नाकाशी नेऊ लागला. दसऱ्याच्या दिवशी कुणाच्या हाताला दुसरा वास असणार? माळ तर प्रत्येकाने केली होती.

मग येसू थोरल्यांपुढे आली. पहिल्याने हात पुढे केला. झेंडू. दुसऱ्याने केला. झेंडू.

दाजीबांनी हात पाठीमागे नेला.

हसू थांबलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, “दाजीबांनीच विझवला!” आणि सगळेच ओरडायला लागले. “त्यांनीच! त्यांनीच! त्यांनाच घाला नावेत!”

येसूच्या छातीत काय उसळलं म्हणून सांगू! खोकला आठवला. खुंटा आठवला. कानातली कुजबुज आठवली, थांबलेला नावाडी आठवला. इतके दिवस एकेक गोष्ट तिने गाठीला बांधून ठेवली होती ती याच दिवसासाठी. नाव जिभेवर आलं होतं. नुसतं तोंड उघडायचं राहिलं होतं. बकुळा सुटली असती, म्हातारा गेला असता, आणि सूर्यही अजून मावळला नव्हता.

तिने ओंजळीत पाहिलं. दोनच खडे होते.

डावा म्हणत होता, हात. उजवा म्हणत होता, झेंडू. दाजीबा असं दोघांतला एकही म्हणत नव्हता.

“थांबा,” ती म्हणाली. “आजोबांनी हात लपवला. एवढं मी पाहिलं. दिवा विझवला, हे कोण म्हणालं?”

“तूच म्हण ना!” लोक ओरडले. “तुला वाटत नाही का?”

“वाटतं की! खूप वाटतं. पण माझं वाटणं कुठल्या मुठीत धरू?”

दाजीबांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

“मग बकुळा?” दुसरा थोरला म्हणाला.

“तिचंही नाही. डाव्याने भागत नाही, उजव्याने भागत नाही, दोन्ही मिळूनही भागत नाही. मी नाव घेणार नाही.”

“अगं, नियम! सूर्य बघ!”

“बघतेय. मी नाव घेणार नाही.”

तिने दोन्ही मुठी उघडल्या आणि खडे टाकून दिले. सूर्य टेकडीला टेकला. अर्धा झाला. नख उरलं. बायांनी पोरं उचलून घेतली, बैल सोडले, कुणी झाडावर चढलं. सगळे कासवांकडे बघत राहिले.

सूर्य मावळला.

कासवं होती तिथंच होती. डाव्याच्या पाठीवर झेंडूची एक पाकळी पडली होती, तीसुद्धा हलली नाही. तळं तळ्याच्या जागी होतं. बकुळाची पोर तेवढी भूक लागली म्हणून रडली.

येसू गादीवरून उठली आणि थोरल्यांपुढे जाऊन उभी राहिली.

“आजोबा,” ती म्हणाली, “नदीपलीकडे आजवर किती माणसं धाडलीत? त्यातल्या कितींच्या वेळी दोन खड्यांनी भागलं होतं?”

दाजीबांनी दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसऱ्याने पायांकडे. कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग बकुळा पोरीला घेऊन घरी गेली. देवळातला दिवा पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी येसूने नाव पलीकडे धाडली, रिकामी, तिकडे सोडलेल्या माणसांना परत आणायला. आणि आले ते आपापल्या घरी सुखाने नांदले.

काय? दिवा विझवला कुणी? ठाऊक नाही. रुसू नकोस, येसूलाही ठाऊक नाही. दाजीबांनी हात का लपवला? कासवांना ते कुणी विचारलंच नव्हतं, बाळा. आता बघू तुझे हात. सोड मुठी. दोन्ही सोड. हं, अशा. आता झोप.