देव कुठल्या वाटेनं येतो

आमच्या वाडीत दुमिंगशेठएवढा भाविक माणूस दुसरा नव्हता. असं ते स्वतःच सांगायचे. दर रविवारी चर्चमध्ये पहिले हजर. शेजारच्या जुजीनबायची त्यांच्या बागेतून चर्चला जाणारी पायवाट मात्र त्यांनी कुंपण घालून बंद केली. भक्ती वेगळी, जमीन वेगळी! पायानं अधू बाई ती, अख्ख्या बागेला वळसा घालून यायची, तोवर मिस्सेची प्रार्थना सुरू झालेली असायची.

एका रविवारी शेठ चर्चच्या दारातच आडवे उभे राहिले. "जुजीन, उशिरा येणाऱ्याला आजपासून आत घ्यायचं नाही. देवाला ताटकळत ठेवतेस, लाज नाही वाटत?"

आतली माणसं माना वळवून बघू लागली. फादरही थांबले.

काठी टेकत जुजीनबाय म्हणाली, "ताटकळत कशाला ठेवीन, शेठ? तो माझा हात धरूनच तुमच्या कुंपणाला वळसा घालतो. आत्ता पोचलाय बिचारा. तुम्ही एवढ्या लवकर येऊन इथं भेटता तरी कुणाला?"

वेदीवरून फादर म्हणाले, "शेठ, बाजूला व्हा. दोघांनाही आत येऊ द्या."

सोमवारी कुंपणाला फाटक बसलं. "देवासाठी हो, जुजीनसाठी नव्हे," असं शेठ गावभर सांगत फिरले.