वजिराने सांगितलेली गोष्ट

एकदा एका मोठ्या शहरातील रुग्णालयात एक वृद्ध गुरुजी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला भेटायला आले. विद्यार्थ्याचे नाव दिगंबर. आजारी तो नव्हता. त्याची दहा वर्षांची मुलगी केतकी रक्ताच्या कर्करोगाने तिथे दाखल होती. उपचारांना चार महिने झाले होते. तिचे केस गेले होते, तोंड आतून सोलवटले होते. दिगंबर आणि त्याची पत्नी वृषाली गाव सोडून रुग्णालयाजवळच्या एका खोलीत राहत आणि आळीपाळीने लेकीच्या उशाशी बसत.

बुद्धिबळ हा केतकीचा जीव की प्राण. दिगंबर रोज तिच्याशी एक डाव मांडी आणि रोज हरे. कधी घोडा वाचवायला विसरल्यासारखे करी, तर कधी वजीरच तिच्या माऱ्यात नेऊन ठेवी. पोरीला तेवढाच आनंद, असे त्याला वाटे. तरीही गेले काही दिवस तिचे बोलणे कमी झाले होते. डाव जिंकला की ती पट तसाच ठेवून भिंतीकडे तोंड करून पडून राही. अशक्तपणा असेल, अशी आईवडील स्वतःची समजूत घालत.

गुरुजींनी तो खेळ एकदा नीट पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः तिच्यासमोर बसले आणि थोड्याच वेळात त्यांनी तिचा वजीर मारला. दिगंबरने खुणावले, मग हलकेच खाकरला. गुरुजींनी मान वर केली नाही. केतकी ओठ दाबून खेळत राहिली. अखेर तिच्या राजाला कोपऱ्यात कोंडून त्यांनी मात दिली. तिचे डोळे भरून आले.

"घोडा फार लवकर पुढे काढलास, बाळ," एवढेच म्हणून गुरुजी उठले.

बाहेर येताच दिगंबरचा संयम सुटला. उभ्या आयुष्यात गुरुजींशी तो कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता. "गुरुजी, एवढ्याशा आजारी पोरीला हरवून तुम्हाला काय मिळालं?"

गुरुजी बाकावर टेकले. त्यांनी विचारले, "घरी असताना तू तिच्याकडून मुद्दाम हरायचास का?"

"नाही. तिनं लगेच पकडलं असतं."

"मग आता पकडलं नसेल? आजार किती मोठा आहे हे तुम्ही तिला सांगितलं नाहीत, डॉक्टरांनीही नसेल सांगितलं. पण तुझ्या वजिरानं सांगितलं. ज्याच्या उद्याची आशा उरली नाही, त्याच्यापुढे माणसं अशी हरतात, हे तिला समजलं. आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प राहून जिंकत राहिली. उद्या ही मुलगी मला हरवेल असं मला वाटतं, दिगंबर. म्हणून मी आज मनापासून खेळलो."

बऱ्याच वेळाने दिगंबर आत गेला. केतकी उठून बसली होती. मोहरे पुन्हा मांडून ती आपली चूक शोधत होती. वृषालीने भरवलेली पेज तिने अर्धी संपवली होती. मान वर न करता तिने विचारले, आजोबा उद्या येतील ना?

त्या आठवड्यात तिच्या पाठीच्या कण्यात सुई देऊन औषध सोडायचे होते. पूर्वीही दोनदा दिले होते, आणि दोन्ही वेळा दिगंबरने हसून सांगितले होते की काही कळणारसुद्धा नाही. परिचारिका न्यायला आली तेव्हा केतकीने त्याच्याकडे पाहिले.

"बाबा, दुखेल का?"

या वेळी दिगंबर हसला नाही.

"दुखेल, केतू. मी तुझा हात धरून उभा राहीन."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे क्षणभर निरखून पाहिले. मग समजल्यासारखी मान हलवली आणि आपला हात त्याच्या हातात दिला.