सोपा केलेला फोन

"पण सर, सोपं झाल्यावर तर माणूस ती वस्तू जास्त वापरतो ना? मग आई मला फोन का करत नाही?"

कार्यक्रम आटोपला होता. रोजच्या वस्तू वापरायला सोप्या कशा कराव्यात, यावर बोलायला कोल्हापुरातली हौशी मंडळी महिन्यातून एकदा एका शाळेच्या हॉलमध्ये जमत. आज संग्रामने मैदान मारलं होतं. गावाकडे एकट्या राहणाऱ्या आईच्या मोबाइलवर त्याने मोजकीच मोठाली चित्रं ठेवली होती. पहिल्या चित्रात तो स्वतः. बोट लावलं की इकडे त्याचा फोन वाजणार! टाळ्या झाल्या, पाठीवर थापा पडल्या, स्वारी जमिनीपासून चार बोटं वर चालत होती.

एकट्या आवटी सरांनी टाळी वाजवली नाही. त्याला डिझाइन शिकवलं ते त्यांनीच. मागच्या रांगेत बसून ते अधूनमधून स्टीलच्या बाटलीचं झाकण फिरवत आणि घोटभर पाणी पीत होते.

"आधी करायची का फोन?" सरांनी विचारलं.

"रोज संध्याकाळी. 'आरं, आवाज कुठनं वाढवायचा? भजन कुठं गेलं?' मी वैतागायचो. कालच सांगितलं ना, म्हणायचो."

"मग?"

"मग म्हणायची, 'ध्यानात ऱ्हात न्हाई बघ.' आणि तासभर बोलत बसायची. म्हैस, पाणी, शेजारची सून..."

"आणि आता?"

"आता तिचं काही अडतच नाही. मी केला तर म्हणते, 'बरी हाय, तू कामात असशील.' आणि ठेवते."

बोलता बोलता संग्रामला दिवाळीतली गोष्ट आठवली. मोबाइल अजून सोपा केलेला नव्हता, आणि आई शेजारच्या काकूंना तो शिकवत होती. आवाज कुठून वाढतो, भजन कुठे सापडतं, सगळं झरझर. तेव्हा त्याला नुसतं हसू आलं होतं.

आता संध्याकाळ झाली होती आणि खिशातला फोन गप्प होता.

"सर... मला तिचा तो रोजचा फोन हवाय हो."

सरांनी बाटली पुढे केली.

"एवढं उघडून दे रे."

संग्राम उठून त्यांच्या शेजारी येऊन बसला. झाकण सहज फिरलं.

"घट्ट नव्हतंच की, सर! मघाशी तुम्हीच तर उघडत होता."

सर सावकाश पाणी प्यायले.

"मघाशी तू लांब होतास."